प्रगत क्रीडातंत्र अभ्यासक्रमांबाबत सूचना

शारीरिक शिक्षणाच्या प्रगत स्पर्धात्मक तंत्र अभ्यासक्रमांसाठी नाव देणाऱ्या सर्व सभासद विद्यार्थ्यांना स्मरण करून देण्यात येते की, हे वर्ग नवशिक्यांसाठी नसून, संबंधित खेळाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या किंवा प्रशिक्षकांसमोर कौशल्यचाचणी दिलेल्या विद्यार्थ्यांनाच त्यांत प्रवेश मिळेल.

मैदानी खेळांच्या वर्गात ४×१०० मीटर रिलेवर विशेष भर राहील. या शर्यतीत बॅटन ३० मीटरच्या ठरावीक टप्प्यातच एका हातातून दुसऱ्या हातात जावे लागते आणि ते घेणारा धावपटू मागे न पाहता, वेग वाढवत असतानाच हात मागे करतो; त्यामुळे केवळ चार वेगवान धावपटू एकत्र आणून संघ तयार होत नाही, तर त्या चौघांना एकमेकांच्या गतीचा अचूक अंदाज यावा लागतो, आणि तो एकत्र सरावाशिवाय येत नाही. एकाच्या गैरहजेरीने उरलेल्या तिघांचाही सराव वाया जातो, हे कृपया मनापासून ध्यानात घ्यावे.

व्हॉलीबॉलच्या वर्गात जाळीची उंची स्पर्धेप्रमाणेच, म्हणजे पुरुषांसाठी २.४३ मीटर व महिलांसाठी २.२४ मीटर राहील. उडीनंतर गुडघे किंचित वाकवून दोन्ही पायांवर उतरण्याचे तंत्र आम्ही स्मॅशइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे मानतो.

गुडघा, घोटा किंवा खांद्याची जुनी दुखापत असल्यास ती पहिल्या तासापूर्वीच प्रशिक्षकांना सांगावी. त्यामुळे प्रवेश नाकारला जाणार नाही, सरावाचे स्वरूप मात्र त्यानुसार बदलता येईल.