पूर ओसरल्यावरचे गुन्हे मालिकेत दिसावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपत्तीतून सावरणाऱ्या शहरांतील पोलिसी मालिकांवर आपल्या रविवार पुरवणीत जो लेख आला, त्यात अमेरिकेतील ‘के-व्हिल’ या मालिकेचा गौरवाने उल्लेख आहे आणि गोदावरीच्या पुराची पार्श्वभूमी घेऊन मराठीतही तशीच मालिका व्हावी, अशी सूचना आहे. सूचना मला मान्य आहे, पण लेखकाने पुढे ठेवलेला नमुना मान्य नाही. हॉलिवूडमधील पटकथालेखकांच्या संपामुळे एका चांगल्या मालिकेचा बळी गेला, असा लेखाचा एकूण सूर आहे. २००७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या संपाने चित्रीकरण थांबले आणि मालिका पहिल्या हंगामापलीकडे गेली नाही, हे खरेच आहे; पण तिचे दुखणे संपाच्या आधीपासूनचे होते, असे माझे मत आहे.

ज्या वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ धडकले, न्यू ऑर्लिन्सचे पूरसंरक्षक बांध आणि कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, फॉक्स वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. तिचा नायक मार्लिन बुले हा त्याच शहरातला पोलीस, पुरात त्याचा साथीदार त्याला सोडून पळून गेलेला. आणि नवा साथीदार ट्रेव्हर कॉब हा पुराच्या गोंधळात तुरुंगातून निसटलेला कैदी, नव्या ओळखीने खाकीत शिरलेला. चित्रीकरण प्रत्यक्ष त्या शहरात झाले होते. इतके भांडवल हाताशी असताना मालिकेने बहुतेक वेळ गाड्यांच्या पाठलागात आणि गोळीबारात घालवला. पडकी घरे मागे दिसत राहिली आणि पुढे नेहमीचाच चोर-शिपायांचा खेळ चालू राहिला.

पळून गेलेल्या साथीदाराचे कथासूत्र खोटे नव्हते. पुराच्या त्या दिवसांत अनेक पोलीस कामावरून नाहीसे झाले होते आणि जे राहिले त्यांच्यातील अनेकांची स्वतःची घरे बुडाली होती. त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे काही महिने बंदरात उभ्या केलेल्या पर्यटक जहाजावर राहावे लागले. बायकामुले कुठे आहेत याचा पत्ता नसताना बारा-बारा तास गस्त घालणारा शिपाई, हे पात्र कोणत्याही लेखकाने हेवा करावे असे आहे. कॉबच्या पूर्वायुष्यालाही आधार होता, कारण तुरुंगात पाणी चढत असताना कैद्यांना कोठड्यांतच ठेवून पहारेकरी निघून गेल्याचा आरोप ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या मानवी हक्क संघटनेने केलेला आहे.

माझा मुख्य आक्षेप न्यू ऑर्लिन्समधील डँझिगर पुलावरच्या घटनेविषयी आहे; ती मालिकेने वापरलीच नाही. ४ सप्टेंबर २००५ रोजी, वादळानंतर सहाव्या दिवशी, पोलिसांची एक तुकडी भाड्याच्या मालमोटारीतून या पुलावर आली आणि तिने निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार केला. दोघे ठार झाले, चौघे जखमी झाले. मृतांपैकी एक बौद्धिक दिव्यांग होता आणि त्याला पाठीत गोळी लागली होती. यापुढचा भाग ज्याने आयुष्यभर पोलीस-कागद वाचले आहेत त्याच्या अंगावर काटा आणणारा आहे. तपास करणाऱ्या सार्जंटने आपल्या घरच्या गॅरेजमधून एक पिस्तूल आणून ते घटनास्थळी सापडल्याचे दाखवले आणि अहवालात जगात अस्तित्वातच नसलेल्या साक्षीदारांचे जबाब नोंदवले. डिसेंबर २००६ मध्ये सात पोलिसांवर आरोप ठेवण्यात आले. म्हणजे मालिका पडद्यावर आली तेव्हा हा खटला त्याच शहरात उभा होता. तो ऑगस्ट २००८ मध्ये रद्द झाला, केंद्रीय न्यायालयात पुन्हा चालला, २०११ मध्ये पोलीस दोषी ठरले, सरकारी वकिलांच्याच गैरवर्तनामुळे तो निकाल २०१३ मध्ये बाजूला ठेवला गेला आणि अखेर २०१६ मध्ये पाच जणांनी गुन्हा कबूल केला. खून, बनावट पुरावा, आपल्याच सहकाऱ्यांना वाचवणारा तपास अधिकारी आणि अकरा वर्षे चाललेला न्याय: हे सारे उंबरठ्यावर येऊन बसले असताना मालिकेने आपला नायक स्वच्छ ठेवला आणि गुन्हेगार बहुतेक वेळा खात्याबाहेर शोधले.

लुटालुटीची बातमीही अशीच. पुरानंतरच्या तिसऱ्या दिवशी महापौर रे नेगिन यांनी सुमारे १,५०० पोलिसांना शोध-बचावाचे काम थांबवून लूट रोखण्यासाठी रस्त्यावर परत बोलावले. पूरग्रस्तांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम क्रीडागृहातील खून-बलात्कारांच्या ज्या कहाण्या जगभर छापल्या गेल्या, त्यांतील बहुतेक नंतर निराधार निघाल्या. छतावर माणसे अडकलेली असताना दुकाने राखायला पोलीस वळवणे हा निर्णय बरोबर की चूक, यावर दोन भाग सहज होतील, आणि त्यात एकही गोळी झाडण्याची गरज नाही.

मी न्यायालयात कारकुनी केलेली आहे, म्हणून माझा जीव कागदाकडे ओढतो, हे वाचकांनी समजून घ्यावे. न्यू ऑर्लिन्सच्या फौजदारी न्यायालयाची पुराव्यांची खोली तळघरात होती आणि ती बुडाली. याचा अर्थ काय, हे आपल्याकडे ज्याने नझारतीत, म्हणजे न्यायालयाच्या मुद्देमाल सांभाळणाऱ्या शाखेत, काम केले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुराच्या पाण्याने सुऱ्याचे काही बिघडत नाही; पण त्याला बांधलेले पंचांच्या सह्यांचे लेबल विरघळले आणि लाखेचे सील सुटले की तो कोणत्या गुन्ह्यातला, कोणाच्या घरातून जप्त केलेला, हे शपथेवर कोणालाच सांगता येत नाही, आणि आरोपीच्या वकिलाला तेवढे पुरेसे असते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक झाले आहे, त्याने थोडा फरक पडेल; वस्तू मात्र कपाटातच राहणार.

घरांचेही तसेच झाले. बचावपथके प्रत्येक तपासलेल्या घराच्या दारावर रंगाने फुली मारत. फुलीच्या वरच्या कोनात तारीख, डाव्या बाजूला पथकाचे नाव, उजवीकडे धोके आणि खालच्या कोनात आत सापडलेली माणसे, जिवंत किती नि मृत किती. पुढे त्याच दारांमागच्या कुटुंबांना पुनर्बांधणीची मदत मिळण्याची वेळ आली, तेव्हा लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीतील अनेकांकडे घराची कागदपत्रेच नव्हती. आजोबांच्या नावचे घर वारसनोंद न करता तीन पिढ्या वापरलेले. शिवाय घरदुरुस्तीसाठीच्या ‘रोड होम’ या सरकारी योजनेत मदतीची रक्कम पुरापूर्वीच्या बाजारभावाशी बांधलेली असल्याने, सारख्याच दुरुस्तीसाठी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत कमी पैसे पडत. त्यावर खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड झाली. २००० च्या जनगणनेत ४ लाख ८४ हजारांवर असलेली शहराची लोकसंख्या २०१० मध्ये ३ लाख ४४ हजारांच्या आसपास आली. इथे कोणी कोणाला मारलेले नाही, तरी माणसे गेलीच.

आता नाशिककडे वळतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले, कमरेला की छातीला, यावर गावाचा जीव टांगलेला असतो. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर अनेकांना आठवतात. जुन्यांना १९६९ चाही आठवतो. पण पाणी चढतानाचे दृश्य कोणीही टिपेल. मला पाहायचे आहे ते पाणी उतरल्यानंतरचे. वाड्याची भिंत खचली आहे, मालकाला वाडा पाडायचा आहे, भाडेकरू ताबा सोडत नाही, आणि नुकसानीच्या पंचनाम्यावर नाव कोणाचे लावायचे यावरून दोघे तलाठ्यासमोर भांडत आहेत. तिसऱ्या दिवशी उरलेली भिंत रात्रीतून पडते. ती पुराने पडली की कोणी पाडली? सरस्वती नाल्याचे पाणी शिरून सराफ बाजारात साचलेला गाळ उपसताना त्यात निघालेला दागिना आपलाच, असे चार पेढ्या म्हणत आहेत. तेव्हा फौजदाराने तो कोणाच्या हवाली करावा? निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यात, बांधकाम उभे राहिले कसे, या प्रश्नाच्या फायलीतील नेमके एक पान भिजून नाहीसे झाले, तर तो अपघात समजावा काय? असा तपास करणाऱ्या अंमलदाराच्या स्वतःच्या घरात कमरेएवढा चिखल असावा आणि मदतीच्या यादीत त्याचे नाव नसावे.

यात एक अडचण आहे, तिचा उल्लेख आपल्या लेखात नव्हता. गोदाकाठी किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात चित्रीकरण करायचे तर परवानगी लागते, आणि परवानगीसाठी निर्मात्यांची लेखणी आधीच मऊ होते. सिंहस्थ जवळ आल्याने घाटांवर यंत्रणेचा वावर वाढणार, तेव्हा हा संकोच आणखी वाढेल. ठाणे आणि घाट सेटवर उभारावेत, गाव काल्पनिक ठेवावे, पण बनावट पंचनामा करणारा अधिकारी कथेतून गाळू नये. निर्मात्यांना साहित्य हवे असेल, तर आपल्या वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत पुरानंतरच्या पंधरवड्यात आतल्या पानांवर छापलेल्या, मदतवाटपाच्या तक्रारींच्या चार-चार ओळींच्या बातम्या त्यांनी आधी चाळाव्यात. तेवढी सोय आपण त्यांना करून द्यावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
पंचवटी, नाशिक