त्याला निष्ठा म्हणू नका

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला ‘बर्मीज हार्प’वरचा लेख वाचला. काल पुन्हा वाचला आणि राहवेना, म्हणून लिहितो आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशावरचा इतका जुना जपानी चित्रपट मराठी वाचकांपुढे आणलात, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यात डोंगरावरच्या गुहेत अडून बसलेल्या जपानी तुकडीला ‘अखेरच्या श्वासापर्यंत निष्ठा जपणारे वीर’ म्हटलंय, ते मला अजिबात मान्य नाही.

लेखकाने तो प्रसंग नीट पाहिलाय का? युद्ध संपलेलं आहे, जपान शरण गेलेला आहे. आधीच शरण आलेल्या दुसऱ्या तुकडीचा कॅप्टन इनोउये आपल्या हार्प (तंतुवाद्य) वाजवणाऱ्या शिपायाला, मिझुशिमाला, डोंगरावर पाठवतो ते लढायला नव्हे, ‘खाली या, संपलं सगळं’ एवढं सांगायला. त्यासाठी ब्रिटिशांनी त्याला फक्त तीस मिनिटं दिली आहेत. गुहेतले लोक आपसांत ठरवतात, शरण जायचं नाही. मिझुशिमा विनवण्या करतो. शेवटी स्वतःच शरणागतीचं निशाण करायला घेतो, तर ते हिसकावून त्याला बेशुद्ध पडेपर्यंत मारतात. मारणारे त्याचेच देशबांधव! मग ब्रिटिशांच्या तोफा सुरू होतात आणि त्या सगळ्यांत एकटा तो वाचतो. पुढे त्याने भिक्षूची वस्त्रं घालणं, वाटेवरच्या बेवारस प्रेतांना माती देणं, सोबत्यांबरोबर मायदेशी न जाणं, हे सगळं त्या अर्ध्या तासातून आलेलं आहे. तुमच्या लेखात त्या अर्ध्या तासाला दोन ओळी आणि हार्पच्या सुरांना तीन परिच्छेद.

माझे आजोबा मराठा पलटणीत होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली, तिच्यात होते. (लेखात जिथे तिथे ‘इंग्रज सैन्य’ आहे. ब्रह्मदेशात लढलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेत निम्म्याहून जास्त आपली माणसं होती, हे एकदा तरी लिहायचं.) समोरची जपानी फौज जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा घेऊन आली होती. पावसाळ्यात ती मागे फिरली तेव्हा भुकेने आणि हगवणीने माणसं वाटेवर पटापट मेली. त्या वाटेवर एक जपानी शिपाई झाडाला टेकून बसलेला आजोबांना दिसला. पायांत बूट नव्हते, चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. बंदूक मात्र मांडीवर आडवी, पुसून लख्ख केलेली. आजोबांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा धरली, त्याने पुन्हा तोंड फिरवलं. सकाळी तो तसाच बसलेला होता, मेलेला. बंदुकीत एकही गोळी नव्हती.

हे आजोबांनी मला तीन-चारदा तरी सांगितलं असेल. त्या माणसाला ते कधी शूर म्हणाले नाहीत आणि कधी नावंही ठेवली नाहीत. “कुणीतरी त्या पोराला सांगायला पाहिजे होतं, जा बाबा घरी,” म्हणायचे आणि तंबाखूची चंची उघडायचे. आजोबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तुमच्या लेखातला ‘वीर’ हा शब्द वाचला आणि ती पाण्याची बाटली डोळ्यांपुढे आली.

आणखी एक चूक दाखवतो. लेखाबरोबर रंगीत छायाचित्र छापलंय आणि खाली ‘१९५६’ लिहिलंय. १९५६ चा चित्रपट कृष्णधवल आहे. त्याचेच दिग्दर्शक कोन इचिकावा यांनी हीच कथा १९८५ मध्ये पुन्हा केली, ती रंगीत. छायाचित्र त्यातलं असणार. एवढं तरी तपासून घ्यायला हवं होतं.

आमच्या गावात गेल्या वर्षी हा चित्रपट दाखवला, तेव्हा पडद्याखाली फक्त इंग्रजी अक्षरं होती. तेव्हापासून हे मला सलतं आहे. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत गेलेला. हा चित्रपट ज्यांना सर्वांत आधी कळला असता, तेच लोक मध्यंतरात उठून गेले. चित्रपटांना अशी भाषांतराची अक्षरं देणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती आहे की खाली मराठी अक्षरं द्या. खर्च फार वाटत असेल तर आम्ही वाचक वर्गणी काढू.

माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदार बसले होते, ते मात्र उठले नाहीत. गुहेतला सगळा प्रसंग मी त्यांच्या कानाशी मराठीत सांगत होतो. तोफा थांबल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, “लढाई संपल्याचं याने सांगितलं ना त्यांना?”

“हो, सांगितलं.”

“मग?” म्हणाले, आणि चित्रपट संपेपर्यंत मनगट सोडलं नाही.

— आपला एक वाचक, सातारा