‘सुस्थितीत’ म्हणजे नेमके कसे? महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य
प्रत : नोंदणी महानिरीक्षक, पुणे

महोदय,
स. न. वि. वि.

या पत्राचे कारण हिशेबाचा एक कागद आहे. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट अकरा-अकरा महिन्यांच्या तीन करारांनंतर रिकामा करून दिला. एक लाखाच्या डिपॉझिटपैकी ४६,००० रुपये परत आले, आणि बाकीच्याबद्दल हा कागद. रंगकाम ३६,०००, डीप क्लीनिंग ६,०००, बाथरूमचा दरवाजा ५,५००, गिझर ३,८००, नळ २,७००. एकाही रकमेचे बिल नाही. खाली कारण एकच : ‘जागा सुस्थितीत परत न दिल्यामुळे.’ घरमालकाचे नाव इथे घेत नाही, कारण वाद त्या एका माणसाशी नाही. वाद त्या शब्दाशी आहे, आणि तो शब्द भाडेकरारात आपल्या खात्याच्या शिक्क्याने नोंदला गेला आहे.

पुण्यातल्या करारांत स्थितीबद्दल चार शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘सुस्थितीत’, ‘मूळ स्थितीत’, ‘चालू स्थितीत’ आणि ‘आहे त्या स्थितीत’. चारही वेगळे आहेत. ‘चालू स्थितीत’ म्हणजे बटण दाबले की पंखा फिरला पाहिजे. पाती पिवळी पडली असली तरी चालेल. ‘आहे त्या स्थितीत’ म्हणजे जागा घेतली त्या दिवशी ओल होती तर ओलीसकट. ‘मूळ स्थितीत’ अक्षरशः घेतले तर तीन वर्षांची झीजसुद्धा भरून द्यावी लागेल, आणि कोणत्याही वापरलेल्या घराच्या बाबतीत ते अशक्य आहे. राहिला ‘सुस्थितीत’. हा शब्द तुलनेचा आहे. कशाच्या तुलनेत, हे लिहिले नसेल तर त्याला मोजमापच नाही, आणि मग ज्याच्या हातात डिपॉझिट आहे तो सांगेल तेच मोजमाप.

कायद्याने ही तुलना केव्हाच सांगितली आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम १०८ भाडेपट्टेदारावर जबाबदारी टाकते ती एवढीच : ताबा घेताना जागा जितकी चांगली होती तितकी चांगली परत द्यावी, वाजवी झीज आणि अनिवार आपत्ती वगळून. पण पुण्यात कोणी भाडेपट्टा करत नाही. सगळे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करतात, म्हणजे भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ खालचा जागा वापरण्याचा नुसता परवाना. त्याला कलम १०८ आपोआप लागू होत नाही. झीज वगळण्याचे शब्द करारात घातले असतील तरच हाताशी येतात, आणि एजंटच्या नमुन्यात ते राहिलेत की गाळलेत हे अंगठा देताना कोण बघतो?

‘दुरुस्ती’ आणि ‘स्थिती’ हेही एक नव्हे. इंग्लंडच्या न्यायालयांनी यावर बराच खल केला आहे. प्राउडफूट विरुद्ध हार्ट या १८९० च्या निवाड्यात राहण्याजोगी दुरुस्ती कशी ठरवायची ते सांगितले : घराचे वय, त्याचे स्वरूप आणि वस्ती बघून, तिथे साधारण राहायला येणाऱ्या समंजस भाडेकरूला पटेल इतपत. पुढे १९८५ साली क्विक खटल्यात ठरले की भिंतींवर दव धरून बुरशी आली तरी भिंत स्वतः बिघडली नसेल तर तो दुरुस्तीचा प्रश्न होत नाही. वेल्श खटल्यात मात्र करारात ‘चांगली स्थिती’ हे जादा शब्द होते. त्यामुळे उष्णतारोधन नसल्याने येणाऱ्या काळ्या बुरशीची जबाबदारी घर देणाऱ्यावर आली. एका शब्दाने जबाबदारीची बाजू बदलली. आपल्याकडे तोच शब्द नमुन्यातून नमुन्यात उतरवला जातो.

आता भिंतीकडे या, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच कापले जातात. पुण्यात जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून वाऱ्यासकट पाऊस येतो. डाग कुठे आहे त्यावरून पाणी कुठून आले ते बहुधा सांगता येते. खिडकीच्या खाली डाग असेल तर सिलचा (खिडकीच्या खालच्या पट्टीचा) उतार आत आहे, किंवा स्लायडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जायची छिद्रे बुजली आहेत. छताला असेल तर वरच्यांचे बाथरूम, नाहीतर गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातला सिमेंटचा गोल भराव (वाटा) फुटलेला. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीचा पट्टा आणि त्यावर पांढरा लोणा (क्षार) दिसला तर नहाणीचे वॉटरप्रूफिंग गेले. या तिन्हींत आत राहणाऱ्याचा काडीचाही संबंध नाही. इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील तर रेराच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) कलम १४(३) खाली असा दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. घरमालकाने ते मागावे. पैसे डिपॉझिटमधून कापू नयेत.

चौथा डाग कपाटामागच्या कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा. तिथे खिडक्या बंद ठेवून घरात कपडे वाळवणाऱ्याचाही वाटा असतो, आणि ते भाडेकरूंनी मान्य केले पाहिजे. गळती दिसली की कळवणे हेही भाडेकरूचेच काम. इंग्लंडमधल्याच १९२८ च्या हॅस्केल निवाड्यातले उदाहरण नेमके आहे : छपरावरची दगडी पाटी (स्लेट) झिजून पडली तर भाडेकरू जबाबदार नाही, पण त्या भोकातून पाणी आत येऊन घर खराब होत असेल तर ते थांबवणे त्याच्याकडे येते.

रंगाचा हिशेब तर शाळेतल्या मुलालाही जमेल. आतला प्लास्टिक इमल्शन पाच वर्षांचा, म्हणजे ६० महिन्यांचा धरा. ताबा घेताना तो दोन वर्षांचा जुना होता. त्यात ३३ महिने मिळवले की ५७ झाले. उरले तीन. ३६,००० च्या कामात तीन महिन्यांची किंमत १,८०० रुपये, आणि तीसुद्धा भिंत वापराबाहेर खराब केली असेल तरच. करार कायदा, १८७२ ची कलमे ७३ आणि ७४ हेच सांगतात : नुकसान झाले असेल तेवढीच वाजवी भरपाई. कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की कलम ७४ लावायलाही नुकसान व्हावे लागते. जुन्या रंगाच्या जागी नवा कोरा रंग भाडेकरूच्या पैशाने लावून घेणे ही भरपाई नाही, ती कमाई आहे.

केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्याने (२०२१) घरमालक आणि भाडेकरूची कामे नावानिशी वाटून दिली आहेत. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचे रंगकाम, पाइप बदलणे, वायरिंग घरमालकाकडे. नळाचा वॉशर, नळ, गिझरची दुरुस्ती, स्विच, कुलपे भाडेकरूकडे. त्या वाटणीने नळाचे २,७०० द्यायला हरकत नाही. गिझरचे बघावे लागेल : बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचा थर चढतो, आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड कित्येक वर्षांत बदललेला नसेल तर टाकी आतून गंजते. ती दुरुस्ती राहत नाही, आयुष्य संपलेली वस्तू असते. बाथरूमच्या फ्लश डोअरची खालची कड सुताराने रंगवून बंद केली नसेल तर ती पाणी ओढून फुगणारच, आत कोणीही राहो. त्याच कायद्यात घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. पण तो नमुना आहे. राज्याने कायदा केल्याशिवाय त्याचा आधार घेऊन दाद मागता येत नाही.

आता आपल्या खात्याबद्दल. २५,००० भाडे आणि एक लाख डिपॉझिटच्या अकरा महिन्यांच्या करारावर ०.२५ टक्क्यांनी सुमारे ७०० रुपये मुद्रांक शुल्क आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी सरकार घेते. आधार घेते, अंगठे घेते, फोटो घेते, साक्षीदारांचेसुद्धा. माणसांची एवढी ओळख पटवून घेता आणि ज्या जागेसाठी हे सगळे, तिच्या स्थितीची ओळख शून्य. वस्तूंच्या यादीत ‘पंखे ४, गिझर १’. संख्या आहे, वय नाही, दोष नाही.

मागणी एक आहे. नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये स्थितीपत्रक सक्तीचे करा. प्रत्येक खोलीच्या चार भिंती, छत आणि फरशीचे तारखेसह फोटो दस्ताला जोडलेले असावेत. रंगाचा प्रकार आणि शेवटचा रंग कोणत्या महिन्यात दिला, हे लिहावे. प्रत्येक उपकरणाचे वय लिहावे. ताबा देताना दोघांनी मिळून अर्ध्या तासात होणाऱ्या चाचण्या कराव्यात : प्रत्येक नळाखाली दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात, गिझर वीस मिनिटांत पाणी तापवतो का, आरसीसीबीचे (वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दाबल्यावर वीज तुटते का, खिडकीच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतले तर ते बाहेर जाते की आत येते, नाण्याने ठोकल्यावर कोणत्या फरश्या पोकळ वाजतात. वीज आणि गॅसच्या मीटरचे आकडे. घर सोडताना तेच पत्रक दोघांनी पुन्हा भरावे, आणि कपात फक्त फरकाची, बिलासह, वस्तूचे उरलेले आयुष्य धरून.

हे अवघड आहे असे सरकारने सांगू नये. रिक्षाचे पासिंग करताना ‘गाडी सुस्थितीत आहे’ एवढ्यावर सरकार सही करत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ब्रेक, दिवे, हॉर्न एकेक तपासायचे आहेत. टायरची खाच तीनचाकीला ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. रिक्षाच्या टायरला मिलिमीटर आहे आणि लाख रुपये अडकवणाऱ्या घराला विशेषण.

आणि दाद कुठे मागायची? भाडेकरूने जागा सोडली नाही तर घरमालकासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २४ आहे, सक्षम प्राधिकारी आहे, दुप्पट दराने भरपाई आहे, आणि त्या कलमापुरता लेखी करार हाच निर्णायक पुरावा आहे. घरमालकाने डिपॉझिट सोडले नाही तर भाडेकरूसाठी तसा झटपट मार्ग नाही. ५४,००० रुपयांसाठी वकील लावून वर्षानुवर्षे शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या. हे घरमालकांना माहीत आहे, एजंटांना माहीत आहे, आणि महोदय, आपल्या खात्यालाही माहीत आहे. हीच सवय रस्त्यांच्या निविदांत दिसते : दोष दायित्वाच्या मुदतीत (ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करायच्या काळात) रस्ता ‘सुस्थितीत’ ठेवायचा असे लिहायचे, खड्डा किती खोल झाला की दोष धरायचा ते लिहायचे नाही, आणि मग ठेकेदार, अधिकारी, नगरसेवक तिघांनीही पावसाकडे बोट दाखवायचे. शब्द मोघम ठेवला की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, आणि पैसे मात्र ठरलेल्या माणसाच्याच खिशातून जातात. याचा संताप येतो, आणि तो लपवण्याची इच्छा नाही.

स्थितीपत्रकाचा चार पानी नमुना सोबत जोडला आहे. तो लागू करायला कायदा बदलावा लागत असेल तर तसे लेखी कळवा. नुसता फॉर्म बदलून भागत असेल तर या जूनच्या आत बदला. शाळा सुरू व्हायच्या वेळी पुण्यात घरे बदलतात, आणि भिंती त्यानंतर ओल्या होतात.

आपला,
एक भाडेकरू
कोथरूड, पुणे