विषय म्हणजे संशोधन प्रश्न नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मोबाइल वापराचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम : एक अभ्यास’ या धाटणीचे संशोधन प्रस्ताव सर्रास मंजूर होतात. हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे? कोणता वापर, परिणाम कशावर, तो मोजायचा कशाने, काहीच ठरलेले नसते. मग लांबलचक प्रश्नावली वाटायची आणि आकडे हाती आले की त्यांच्या मापाचे गृहीतक (म्हणजे खरे तर आधी मांडून मग तपासायचे अनुमान) बेतायचे.

हाच विषय असा मांडून पाहावा : ‘झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूला ठेवणाऱ्या १६ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्यांना, नेहमीप्रमाणे वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १० मिनिटे लवकर झोप लागते का?’ आता तुलना कोणाची कोणाशी, हे स्पष्ट झाले. झोप लागायचा वेळ विद्यार्थ्याने सकाळी अंदाजाने लिहायचा की मनगटावरच्या यंत्राने नोंदवायचा, हेही आधीच ठरवावे. दोन्ही आकडे जुळतीलच असे नाही.

खरी मेख पुढे आहे. नुसते सर्वेक्षण केले, तर ‘परिणाम’ हा शब्द वापरायचा अधिकार राहत नाही, कारण झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेणारेही त्यात असतात. तिथे फार तर ‘संबंध’ म्हणावे. परिणाम म्हणायचाच असेल, तर कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवे.

नमुन्याचा आकडाही प्रश्नातूनच निघतो. पूर्वचाचणीत या वेळेचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, २० मिनिटे आले असे धरू. १० मिनिटांचा फरक खरोखर असल्यास तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी, तर ०.०५ सार्थकता पातळीला (फरक नसताना तो ‘आहे’ म्हणण्याची चूक ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतल्यास) प्रत्येक गटात सुमारे ६४ जण लागतात. फरक ५ मिनिटांचा धरला, की संख्या जवळपास चौपट, म्हणजे अडीचशेच्या घरात. बहुतेक प्रबंधांतल्या ‘१०० नमुन्यां’मागे मात्र गोल आकड्याखेरीज कारण दिसत नाही.

आकडे पाहून गृहीतक लिहिण्याच्या सवयीवर सामाजिक मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्येच बोट ठेवले होते. कुठेही खरा फरक नसताना एकमेकींपासून स्वतंत्र अशा २० चाचण्या याच ०.०५ पातळीला केल्या, तरी त्यांतली किमान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. तेवढीच एक छापली, की शोध लागला!

म्हणून मंजुरीपूर्वी समित्यांनी तारीख घातलेले एक पान मागावे : मुख्य प्रश्न, एकच मुख्य मोजमाप आणि कोणता निकाल आल्यास गृहीतक सोडून देणार. बाकीच्या तुलना जरूर कराव्यात, पण प्रबंधात त्या वेगळ्या प्रकरणात, आकडे पाहिल्यानंतर सुचलेल्या म्हणून द्याव्यात.

— संशोधन पद्धती शिकवणारे काही अध्यापक