गळक्या स्टिअरिंग बॉक्सच्या डॉक्टरांना, म्हणजे काका, तुम्हाला

प्रिय काका,

सादर नमस्कार.

काल रात्री गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा आज सकाळी बाहेर ओढला. एकच डाग, तोही शर्टाच्या बटणाएवढा. काही वर्षांपूर्वी याच पुठ्ठ्यावर तेलाचं डबकं साचायचं आणि त्यात मी माझा चेहरा पाहायचो.

तुम्हाला फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, टायरची हवा बघितलीस का?" म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. नाव घालायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे. माझं गाढवपण मात्र सगळं लिहिणार आहे. त्याशिवाय तुम्ही नेमकं काय वाचवलंत, ते कुणाला कळायचं नाही.

गाडी १९५० च्या दशकातली. स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी पेटी, कॅम आणि पेगचा. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला मळसूत्री खाच असलेला कॅम, त्या खाचेत बसलेला निमुळता पेग, पेगला धरून फिरणारा रॉकर शाफ्ट आणि त्याच्या खालच्या टोकाला चाकं वळवणाऱ्या दांड्यांना ढकलणारा ड्रॉप आर्म. बनवणाऱ्यांनी आत घालायला घट्ट गिअर ऑइल सांगितलं होतं. ते मी घालायचो, आठवड्याभरात ते जमिनीवर यायचं. पुन्हा घालायचो, पुन्हा यायचं. शेवटी वैतागून मी ग्रीस गन उचलली आणि चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातल्या सांध्यांना, मारतात तेच ग्रीस बॉक्समध्ये ठासून भरलं. गळती थांबली! दोन वर्षं मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. स्टिअरिंग जरा जड लागायचं, मध्येच कुरकुरायचं, पण जुनी गाडी म्हणजे एवढं चालायचंच, असं मनाशी म्हणायचो.

त्या दिवशी तुम्ही गाडीत नुसते बसलात, स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलंत आणि विचारलंत, "आत काय भरलंयस?" गळतंय का, कुठून गळतंय, किती गळतंय, यातलं काहीच नाही. मी सांगितल्यावर तुम्ही रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "वरचं झाकण काढ. तुझं तूच बघ."

झाकण काढलं तेव्हा जे दिसलं ते मी विसरणार नाही. बॉक्स ग्रीसने गच्च भरलेला होता, आणि त्या ग्रीसच्या मधोमध पेग फिरतो तेवढी, अगदी त्याच्या मापाची पोकळी कोरलेली होती. जणू साच्यातून काढावी तशी स्वच्छ. पेगने दोन वर्षांपूर्वी ग्रीस एकदा बाजूला सारलं, ते भिंतींना जाऊन चिकटलं आणि तिथून परत काही आलं नाही. पेग आणि कॅम कोरड्या लोखंडावर लोखंड घासत होते. खाचेच्या मधल्या भागात, गाडी सरळ जाताना पेग जिथे असतो तिथे, चकचकीत पट्टा पडला होता. वरच्या बेअरिंगपर्यंत तर ग्रीस कधी पोचलंच नव्हतं. भरलेल्या बॉक्सला कोरड पडली होती, काका.

तुम्ही पेगवरून बोट फिरवलंत, नखाने खाच चाचपलीत आणि म्हणालात, "वाचलास. अजून वरची कातडी, म्हणजे वरचा कडक थर, शाबूत आहे." त्या क्षणी मला जे हायसं वाटलं त्याचे आभार वेगळे मानायला हवेत.

साफसफाईबद्दल फार लिहीत नाही. रॉकेल, चिंध्या, जुना टूथब्रश आणि अख्खी दुपार. ग्रीस काढणं हे ते भरण्याच्या दसपट काम आहे, एवढंच.

मग गळतीचा शोध. मी रॉकर शाफ्टभोवती तेल अडवणारं नवीन ऑइल सील आधीच मागवून ठेवलं होतं, बॉक्स गाडीतून उतरवायची तयारीही केली होती. तुम्ही म्हणालात, आधी चोर पकडू. बॉक्समध्ये थोडं पातळ ऑइल घातलंत, बाहेरून तो पुसून अगदी कोरडा केलात आणि वर टाल्कम पावडर भुरभुरवलीत. ही युक्ती मला माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पावडरीवर दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या. एक रॉकर शाफ्टच्या तळाशी, बारीक. दुसरी, चांगली जाड, बॉक्सच्या पुढच्या टोकाच्या नटापासून निघालेली. ज्या नटाकडे मी कधी बघितलंही नव्हतं!

हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरी स्टिअरिंगच्या पोकळ दांड्यातून, एका बारीक नळीतून खाली येतात आणि ती नळी थेट बॉक्सच्या पोटातून आरपार बाहेर पडते. तिथे तेल अडवायला असते ती तांब्याची छोटी कडी आणि तिला दाबून धरणारा नट. नट सैल झाला की तेल नळीच्या कडेने बाहेर. मी सील बदललं असतं, बॉक्स उतरवला-चढवला असता, आणि गळती जशीच्या तशी राहिली असती. रोग रेड्याला, औषध पखालीला. नवी कडी, नट बेताने आवळला, नळी फिरू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरून ठेवली. वीस मिनिटांत काम संपलं.

तेव्हा तुम्ही सांगितलेली फोर्ड मॉडेल ए ची गोष्टही लक्षात राहिली. १९२८ ते १९३१ च्या त्या गाड्यांत दिव्यांचं बटण स्टिअरिंगच्या खाली, बॉक्सच्या तळाशी असायचं आणि त्याची सळई दांड्याच्या पोटातून जायची. म्हणजे तेलाला बाहेर पडायची वाट कारखान्यातूनच मिळालेली. "त्या काळी तेल घालणं हे गाडी चालवण्याचाच भाग होतं," असं तुम्ही म्हणालात. आपण आजच्या बंद डब्यासारख्या यंत्रांची सवय घेऊन त्या गाड्यांकडे जातो आणि एक थेंब दिसला की हाय खातो.

आता मुख्य गोष्ट. डब्यांच्या तीन झाकणांचा तुमचा तो प्रयोग. एकात गिअर ऑइल, दुसऱ्यात माझं लाडकं चॅसिस ग्रीस, तिसऱ्यात तुम्ही आणलेलं पातळ ग्रीस. तिन्हींत मला बोटाने रेघ ओढायला लावलीत. ऑइलमध्ये रेघ उठलीच नाही. चॅसिस ग्रीसमधली रेघ संध्याकाळी घरी जाताना बघितली तर तशीच होती. तिसऱ्या झाकणातली रेघ आपण बोलत असतानाच दोन्ही कडांनी हळूहळू भरत आली आणि मिटली. "ही मिटणारी रेघ बॉक्सच्या आत हवी," एवढंच तुम्ही म्हणालात. दोन वर्षं मी जे वाचून समजून घेऊ शकलो नव्हतो ते एका बोटाने समजलं.

नंतर मी आकडे शोधले, कारण मला आकड्यांशिवाय चैन पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ग्रीस किती घट्ट, हे मोजायला ठरावीक वजनाचा शंकू २५ अंश सेल्सिअसला त्यात पाच सेकंद सोडतात आणि तो किती रुतला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी) २ नंबरच्या, म्हणजे नेहमीच्या चॅसिस ग्रीसमध्ये तो २६५ ते २९५ भाग रुततो. तुम्ही आणलेल्या ०० नंबरमध्ये ४०० ते ४३०, म्हणजे चार सेंटिमीटर तरी. ढवळलं की ते आणखी पातळ होतं, स्थिर राहिलं की पुन्हा जरा आळतं. म्हणून गाडी चालताना ते पेगमागे वाहत येतं आणि गाडी उभी असताना सीलमधून पळत नाही. मक्याची कणसं तोडणाऱ्या यंत्रांच्या गळक्या गिअरपेट्यांतही असंच ग्रीस वापरतात, हे तुमच्याकडूनच कळलं. शेतातल्या यंत्राचं औषध जुन्या मोटारीला लागू पडावं, याची मला अजून गंमत वाटते.

तुमचा प्रामाणिकपणा मात्र त्याहून मोठा. "सील चांगलं असेल तर ऑइलच घालायचं, हे ग्रीस गळक्या बॉक्सची तडजोड आहे," असं तुम्ही स्वतःहून सांगितलंत. कडक थंडीत ते स्टिअरिंग जड करू शकतं, हेही. माझ्याकडची जीएल-५ प्रकारच्या गिअर ऑइलची बाटली मात्र बाजूला ठेवायला लावलीत. त्यात दाब सोसण्यासाठी घातलेली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ पेक्षा कितीतरी जास्त असतात आणि ती पितळ-गनमेटलला बाधू शकतात. बॉक्स काही फार तापत नाही, त्यामुळे लगेच अनर्थ झाला नसता, पण रॉकर शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) आहे आणि त्याची परीक्षा घ्यायचं काही कारण नव्हतं. जुन्या ग्रीसचा कणही आत राहू देऊ नकोस, असं का म्हणत होतात तेही मग उलगडलं. ग्रीसमधलं तेल धरून ठेवणारा साबण कुठला, यावर दोन ग्रीसांचं जमतं की बिनसतं. बिनसलं तर मिश्रण पाण्यासारखं पातळ तरी होतं किंवा गोळा तरी.

भरताना मी सवयीने ग्रीस गन घेऊन आलो. तुमची ती नजर! गनच्या दाबाने सील बाहेर फेकलं जातं किंवा माल दांड्यातून वर चढतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी गन माझ्या हातातून काढून घेतलीत. डबा कोमट पाण्यात ठेवला, तुमच्या मोठ्या पिचकारीने फिलरच्या भोकातून सावकाश भरलं. पुढची चाकं जॅकवर, खाली घोड्या. स्टिअरिंग या टोकाला, त्या टोकाला. बुडबुडे वर यायचे, पातळी खाली जायची. पुन्हा भर, पुन्हा फिरव. तीनदा तसं केल्यावर पातळी प्लगच्या तोंडाशी थांबली. मला वाटत होतं आता झालं. तुम्ही म्हणालात, आज चालव आणि उद्या पुन्हा बघ. दुसऱ्या दिवशी खरंच बोटभर खाली गेली होती.

एका बाबतीत मी अजून तुमच्याशी भांडणार आहे, तेही इथेच लिहून ठेवतो. स्टिअरिंगमधला प्ले, म्हणजे चाकं न वळता होणारी मोकळी हालचाल, काढायला मी झाकणावरचा स्क्रू आवळायला निघालो तेव्हा तुम्ही हात धरलात. झीज मध्यभागी होते, म्हणून स्क्रू चाकं सरळ असतानाच लावायचा, आणि तोही बेताने. जास्त आवळला तर टोकाला वळताना पेग अडकतो. ते पटलं. प्लेचं मूळ बॉक्समध्ये नव्हतंच, एका बॉल जॉइंटमध्ये निघालं, तेही मान्य. पण रॉकर शाफ्टच्या सीलबद्दल तुम्ही म्हणता, "बटणाएवढा डाग पडतोय ना, म्हणजे आत माल आहे. राहू दे." मला ते राहू देववत नाही. मागवलेलं सील तसंच पडून आहे. यंदा गाडी उभी असेल तेव्हा ड्रॉप आर्म काढून ते बसवणार आहे. काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर खूण करीन, पुलर लावूनच काढीन, हातोडा मारणार नाही. शाफ्टवर जुन्या सीलने कोरलेली खाच असेल तर नवं सील थोडं पुढे-मागे बसवीन. तुम्ही हसाल. हसा, पण त्या दिवशी या.

सध्या दर महिन्याला फिलरमधून तार घालून पातळी बघतो आणि वहीत लिहितो. स्टिअरिंग एका हाताने फिरतं. कुरकूर बंद झाल्यावर कळलं की गाडीत डावीकडे कुठेतरी एक पत्राही वाजतो. आजवर तो ऐकूच येत नव्हता. त्याचा शोध चालू आहे, तुम्हाला इतक्यात त्रास देत नाही.

तुमची पिचकारी माझ्याकडेच राहिली आहे. रॉकेलने धुऊन, आतली चामड्याची वादी तेलात भिजवून ठेवली आहे. रविवारी गाडी घेऊनच आणून देतो.

तुमचा,
ग्रीस गन माळ्यावर टाकलेला पुतण्या