समोरून ट्रक आला तर?

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

खरं तर दोन जिने उतरून आभार मानता आले असते. पण समोर आलो की तुम्ही ‘हां हां, चहा घे’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात मी स्वतः बनवलेला मोटार शर्यतीच्या खेळाचा पट घेऊन तुमच्याकडे आलो होतो. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, 5.125 किलोमीटर, 16 वळणं, सगळं माउंटबोर्डावर आखलेलं. एक घर 25 मीटरचं, म्हणजे अख्खी फेरी 205 घरांची. नुसत्या रंगकामात माझे तीन रविवार गेले होते. नियम मात्र एका संध्याकाळी उरकलेले: जितका गिअर तितके फासे, पडेल तेवढी घरं पुढे, आणि वळणात ठरलेल्या आकड्याच्या वर गेलात की गाडी बाद. घरच्यांनी ‘छान आहे’ म्हटलं आणि दुसऱ्यांदा कुणी खेळायला बसलं नाही.

तुम्ही अर्धा डाव खेळलात, अडकित्ता खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘अरे, ही तर सापशिडीच झाली. मी एसटीत 31 वर्षं काढली. वळणापलीकडे काय आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही, पण आपली गाडी किती धावेल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुझ्याकडे उलटं. वळणं सगळी दिसतात आणि गाडीचाच भरवसा नाही.’

त्या रात्री फासे डब्यात गेले. कॉलेजात चौकटीच्या वहीवर खेळायचो तो खेळ आठवला. गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी 1973 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या विज्ञान मासिकातल्या आपल्या सदरात त्याच्यावर लिहिलं होतं. मागच्या खेपेला गाडी जितकी घरं गेली तितकीच या खेपेलाही जाते, तुम्ही फार तर एक घर वाढवायचं किंवा कमी करायचं. नशिबाचा संबंधच नाही. सहाच्या वेगात आहात आणि वळण दोनने घ्यायचंय, तर पाच, चार, तीन, दोन अशी 14 घरं आधीपासून वेग उतरवत यायला हवं.

त्यातही तुम्ही खोट काढलीतच. ‘सगळं ठीक, पण ब्रेक कुठाय?’ कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच बसलं की ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. हे सांगता सांगता तुम्ही देवघरातली काडेपेटी आणलीत आणि प्रत्येकापुढे पाच काड्या मोजून ठेवल्यात. वेग एकदम दोनने तोडायचा तर एक काडी द्यायची. म्हणजे सहावरून दोनवर यायचं काम दोन काड्यांत आणि सहाच घरांत होतं. सरळ रस्त्यावर एक खेप ब्रेक न लावता गेलं की एक काडी परत, लायनर गार झाले म्हणून. (काकू मात्र अजून विचारतात, निरांजनाच्या काड्या जातात कुठे.)

खेळात जीव आला तो या काड्यांनी. किलोमीटरभराचा तो सरळ पट्टा, साधारण 40 घरांचा, तिथे पूर्वी पोरं नुसती ओरडायची. आता चौघंही गप्प बसून बोटांवर घरं मोजतात आणि दुसऱ्याच्या काड्यांकडे चोरून बघतात.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. शर्यतीत वळण बाहेरून धरायचं, आतली कड घासायची आणि पुन्हा बाहेर निघायचं, तेवढाच वेग जास्त टिकतो. तुम्ही डावी बाजू सोडायला तयार नाही. ‘समोरून ट्रक आला तर?’ शर्यतीत समोरून कुणी येत नाही, हे मी तुम्हाला निदान दहा वेळा सांगितलं असेल. तुम्ही आपले प्रत्येक वळणावर तोंडाने हॉर्न वाजवत, डावीकडून. तुमची गाडी, म्हणजे ते निळं बटण, आजवर एकदाही बाद झालं नाही आणि एकदाही पहिलं आलं नाही.

पुढचा पट आखायला घेतलाय: कुंभार्ली घाट, दुहेरी वाहतूक. दोघं चढणार, दोघं उतरणार. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियम तुम्ही सांगायच्या आत लिहून ठेवलाय. रविवारी चारला येतो. काडेपेटी मीच आणीन.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा