निखळलेला खांदा बसल्यानंतरचे महिने सांभाळणाऱ्या फिजिओताईंना

आदरणीय ताई,

स.न.वि.वि.

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावरच्या कबड्डी मंडळांचे आम्ही प्रशिक्षक. आभार मानायचे तर घरी येऊनही मानता आले असते. पण तुम्ही शिकवलेलं सगळ्यांच्या वाचनात यावं म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

"खांदो बसलो, आता बरो." निखळलेल्या खांद्याबद्दल आपल्याकडे हेच ऐकू येतं, आणि नेमकं हेच तुम्ही आधी खोडून काढलंत. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ आणि त्यावर टेकलेला दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. बशीच्या कडेला गादीसारखा एक गोल काठ असतो, लेब्रम. गोळा पुढे निसटतो तेव्हा हा काठ बहुतेक वेळा पुढच्या-खालच्या बाजूने हाडापासून सुटतो. गोळा जागेवर आला, दुखणं थांबलं, तरी काठ आपसूक नीट चिकटेल याची खात्री नसते. मग पुढच्या वेळी खांदा कमी जोरातही निसटतो. चढाईपटूचा हात रेषेकडे ताणलेला असताना कोणी मागे ओढला, साखळी तुटताना बचावपटूचा हात बाहेर हिसकला गेला, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकताना हात अंगापासून लांब झोकला गेला, तर तिन्ही वेळा ताण याच काठावर येतो. हात वर आणि बाहेर वळलेला, ही स्थिती ओळखायला शिकवलीत त्याबद्दल पहिले आभार.

मैदानावर काय करायचं नाही, हे तुम्ही आधी सांगितलंत. ओढायचं नाही, पाय लावून खेचायचं नाही, तेल लावून चोळायचं नाही. गोळ्याबरोबर हाडाचा तुकडा उडालेला असू शकतो, आणि तो एक्स-रेशिवाय दिसत नाही. हात ज्या स्थितीत आहे तसाच ठेवून छाती आणि दंड यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल सरकवायचा, पंच्याची झोळी बांधायची, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. खायला-प्यायला काही द्यायचं नाही, कारण बसवताना भुलीचं औषध लागू शकतं. मनगटाची नाडी बघायची, बोटं हलवून घ्यायची, आणि बाहीवर बिल्ला लावतात त्या जागी कापसाने हलकं टिपून दुसऱ्या दंडासारखंच जाणवतं का ते विचारायचं. तिथे बधिर असेल तर तिथली नस ताणली गेली आहे, हे डॉक्टरांना बसवण्याआधीच सांगायचं. म्हणजे ती बसवताना दुखावली की आधीच, हा घोळ नंतर राहत नाही.

विजेचा झटका किंवा फीट आल्यावर खांदा दुखत असेल तर गोळा मागेही सरकलेला असू शकतो, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. हात पोटाशी अडकून बसतो, तळवा वर वळत नाही, आणि फक्त समोरून काढलेल्या एक्स-रेत सगळं ठीक दिसतं. बाजूचाही एक्स-रे काढायला सांगायचा असतो.

एमआरआयच्या रिपोर्टमधल्या परक्या नावांनी घरातली माणसं घाबरतात. तुम्ही ती नावं सोडवून सांगितलीत. बँकार्ट म्हणजे तो सुटलेला काठ. त्यावर लंडनच्या बँकार्ट या सर्जननी 1923 साली लिहिलं होतं. हिल-सॅक्स म्हणजे गोळ्याच्या मागच्या बाजूला पडलेला खळगा, निसटलेला गोळा खोबणीच्या कडेवर आपटून झालेला. 1940 साली त्याचं वर्णन करणाऱ्या दोन अमेरिकन एक्स-रे तज्ज्ञांची ही नावं. ऑपरेशन कोणतं हे मात्र नावांवर नाही, हाड किती झिजलंय त्यावर ठरतं, आणि त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. खोबणीचं हाड साधारण पाचव्या हिश्श्याहून जास्त गेलेलं असेल तर नुसता काठ शिवून भागत नाही. मग लातार्जे या फ्रेंच सर्जननी 1954 साली मांडलेल्या पद्धतीने जवळच्याच हाडाचा तुकडा त्याच्या स्नायूंसकट आणून स्क्रूने बसवतात. विशीच्या आतल्या, पकडापकडीचा खेळ खेळणाऱ्या मुलाचा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. म्हणून त्याच्याबाबत पहिल्याच वेळी सर्जनचं मत घ्यायचं. चाळिशीपुढच्या माणसात भीती वेगळी, स्नायूची दोरी तुटण्याची. दोन आठवड्यांनी हात उचलत नसेल तर सोनोग्राफी करायची.

आता आठवड्यांचा हिशेब. तुमचं सगळ्यात मोठं ऋण हेच. काठ शिवल्यावर दुखणं सहाएक आठवड्यांत बरंच कमी होतं, पण शिवलेला काठ हाडाला नीट धरायला बारा आठवडे लागतात. मधले सहा आठवडे धोक्याचे, कारण हात बरा वाटतो आणि आतून तो कच्चाच असतो. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, नऊ आठवडेसुद्धा पुरते नाहीत. जूनमध्ये ऑपरेशन करून नारळी पौर्णिमेनंतर होडीवर जायचा बेत अनेकजण करतात, आणि जाळं ओढताना लाटेचा एकच हिसका शिवण उसवायला पुरतो. त्या महिन्यांत जाळी विणणं, मासळी निवडणं, कोपर अंगाला लावून होईल ती कामं. कबड्डीवाल्याचं गणित सोपं. जूनचं ऑपरेशन डिसेंबरच्या सामन्यांना सहा महिन्यांचं होतं.

झोळी ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे, ऑपरेशन नसेल तर एक ते तीन. तरुणांत झोळी त्याहून लांबवून खांदा पुन्हा निखळायचा थांबत नाही. आपल्या दमट हवेत झोळीतली काख लगेच खरवडते. कमरेत वाकायचं, हात जमिनीकडे लोंबू द्यायचा, काख सुक्या फडक्याने टिपायची, हात बाजूला उचलायचा नाही. ही साधी गोष्ट दुसरं कोणी सांगत नाही. बोटं, मनगट, कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलतं ठेवायचं. मग सर्जनने परवानगी दिली की कोपर काटकोनात, मूठ आणि भिंत यांच्यामध्ये उशी, पाव ताकदीने सहा सेकंद दाब, दहा वेळा. खांदा हलत नाही, फक्त स्नायू जागा होतो.

रबरपट्टीचा व्यायाम त्यानंतरचा. पट्टी खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधायची, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये टॉवेलची गुंडाळी धरायची, पुढचा हात दारासारखा बाहेर उघडायचा आणि चार मोजत परत आणायचा. दहाचे तीन फेरे. गुंडाळी पडली की तो आकडा धरायचा नाही. कोपर अंगापासून सुटलं म्हणजे खोबणीत गोळा धरून ठेवणाऱ्या छोट्या स्नायूंचं काम दंडाच्या मोठ्या स्नायूने घेतलं. पोरं जाड पट्टी मागतात, आणि तेव्हाच गुंडाळी पडते. पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, विसरायचा नाही, तोच त्या बशीचा पाया. भिंतीवरचे जोर मारताना शेवटी भिंत अजून एक बोटभर लोटायची, त्याने फऱ्याखालचा स्नायू तयार होतो.

आणि तुमचा तो मासळी तोलायचा हुकाचा काटा! एक हूक गजात, दुसऱ्यात मनगटाचा पट्टा, कोपर अंगाला, हात बाहेर लोटायचा. काटा दुसऱ्याने वाचायचा, तीन वेळा, दोन्ही हातांचा. चांगला हात 8 किलो दाखवत असेल तर दुखऱ्याने निदान 7.2 दाखवायला हवेत, म्हणजे 90 टक्के. त्याशिवाय पकडीचा सराव नाही. हात वर-बाहेर नेऊन बघताना चेहऱ्यावर भीती दिसली, तर काटा काहीही म्हणो, अजून थांबायचं.

ज्यांचे सांधे जन्मजातच सैल, अंगठा सहज मनगटाला टेकतो, त्यांना तुम्ही ऑपरेशनची घाई करू दिली नाहीत. सहा महिने नेटाने स्नायूंचा व्यायाम, आणि हात ताणायचे प्रकार पूर्ण बंद. आमच्याकडे वॉर्मअपमध्ये सगळ्यांना सारखंच ताणायला लावत असत. तुमच्यामुळे ती सवय मोडली.

तुमचा तक्ता आता प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर आहे. सहा ते बारा आठवड्यांचा रकाना लाल रंगवलाय. पट्ट्या खाऱ्या हवेत तडकतात, म्हणून पावडर लावून डब्यात ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर सराव सुरू व्हायच्या आधी एकदा येऊन काटे तपासून द्यावेत, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
किनाऱ्यावरच्या कबड्डी मंडळांचे प्रशिक्षक